जीर्णोद्धार कीं जीर्णपूजा?

आपल्या लोकांत जीर्णोद्धाराचें माहात्म्य फार जुनें आहे. नवें देऊळ बांधण्यापेक्षां पडतें देऊळ सांवरणें आणि नवी विहीर खणण्यापेक्षां बुजत चाललेली विहीर उपसून पुन्हां वापरांत आणणें हें अधिक पुण्याचें, अशी समजूत धर्मग्रंथांत आणि लोकांच्या मनांत दोन्हीकडे आढळते. अहल्याबाई होळकरांचें नांव काशीपासून रामेश्वरापर्यंत आदरानें घेतलें जातें, तें त्यांनीं सांवरलेल्या देवळांमुळें व बांधलेल्या घाटांमुळें. परंतु जिच्यापुढें कोणी हात जोडीत नाहीं, जिला नैवेद्य नाहीं कीं उत्सव नाहीं, अशी केवळ उपयोगाची वस्तु जुनी झाली म्हणजे तिच्याविषयीं आपलें कर्तव्य काय, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाहीं. आगगाडीचा जुना दगडी पूल ही अशाच प्रकारची वस्तु होय. महाराष्ट्रांत आगगाडी येऊन आतां पावणेदोनशें वर्षें होत आलीं. तिच्या पहिल्या पिढींतील पुलांपैकीं कांहीं पडले, कांहीं पाडले गेले, आणि कांहीं अद्यापि ओझें वाहत आहेत. हे पूल जपावे कीं पाडावे, आणि जपावे तर कोणत्या अर्थानें जपावे, हा प्रश्न वरवर इंजिनियरांचा दिसतो. त्याच्या मुळाशीं मात्र एक नीतीचा प्रश्न आहे, आणि त्याचाच येथें आम्ही थोडा विचार करणार आहों.

प्रथम इतिहास पाहूं. १८४३ सालीं जॉर्ज क्लार्क नांवाचे इंजिनियर भांडुपास गेले असतां, मुंबईपासून ठाणें, कल्याण व पुढें घाटापर्यंत लोखंडी रस्ता न्यावा अशी कल्पना त्यांच्या मनांत आली, असें रेल्वेच्या इतिहासांत नमूद आहे. जगन्नाथ शंकरशेट व सर जमशेटजी जिजीभाई यांच्यासारख्या शहरांतील पुढाऱ्यांनीं या उद्योगास पाठबळ दिलें. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी १८४९ सालीं कायद्यानें स्थापन झाली. १८५० च्या ऑक्टोबर महिन्यांत शीव येथें कामाचा आरंभ झाला, आणि १६ एप्रिल १८५३ रोजीं दुपारीं साडेतीनच्या सुमारास चौदा डब्यांची पहिली गाडी सुमारें चारशें पाहुण्यांस घेऊन बोरीबंदराहून ठाण्यास निघाली. एकवीस मैलांचा तो मार्ग कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड या गांवांच्या शिवारांतून जात होता. आज जेथें घरांवर घरें चढलीं आहेत तेथें त्या वेळीं भाताचीं खाचरें, मिठागरें आणि भरतीच्या पाण्यानें भिजणारी दलदल होती. अशा जमिनींतून रस्ता न्यावयाचा म्हणजे भराव घालावा लागे, आणि भराव घातला म्हणजे पावसाळ्याच्या पाण्यास वाट देण्यासाठीं ठिकठिकाणीं मोऱ्या व पूल बांधावे लागत.

मुलुंडाच्या पुढें ठाणें ओलांडलें कीं खाडी आडवी येते. गाडी कल्याणपर्यंत नेण्यासाठीं ती ओलांडणें भाग होतें. तेथें दगडी कमानींचा पूल बांधण्यांत आला, आणि खोल पाण्यांतून गलबतांस जातां यावें म्हणून मध्यें लोखंडी तुळयांचा एक गाळा ठेवण्यांत आला. १ मे १८५४ रोजीं कल्याणपर्यंतचा रस्ता खुला झाला. हिंदुस्थानांतील आगगाडीच्या अगदीं पहिल्या मोठ्या पुलांत या पुलाची गणना होते. या पुलाविषयीं एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. इंजिनें विलायतेहून आलीं, रूळ विलायतेहून आले, मधल्या गाळ्याचें लोखंडही तिकडलेंच. परंतु कमानींचा दगड सह्याद्रीच्या काळ्या खडकाचा, चुना येथल्या घाणींत मळलेला, आणि हात येथल्या पाथरवटांचे, गवंड्यांचे व वडारांचे. कंपनीच्या कामांचे मक्ते घेणाऱ्यांत जमशेटजी दोराबजी यांच्यासारखे येथील कंत्राटदारही होते. आगगाडी परकी खरी. पण जुना दगडी पूल हा तिच्या शरीराचा येथल्या मातींतून उपजलेला भाग होय.

कमानीची रचना ज्यास ठाऊक आहे त्यास या विषयाचा नैतिक भाग चटकन् कळेल. कमान बांधतांना तिच्याखालीं लाकडी साचा उभारतात. दोन्ही बाजूंनीं पाचरीच्या आकाराचे दगड रचीत वर येतात, आणि माथ्यावरचा शेवटचा दगड बसला व चुना धरला म्हणजे साचा काढून घेतात. त्या क्षणापासून कमान स्वतःच्या भारानेंच उभी राहते. प्रत्येक दगड खालीं पडूं पाहतो आणि शेजारचा दगड त्यास पडूं देत नाहीं. वरून भार आला म्हणजे दगड एकमेकांस अधिकच घट्ट दाबतात, व तो सर्व दाब खांबांतून पायांत व पायांतून जमिनींत जातो. परंतु पुलाचें सर्वच बांधकाम असें डोळ्यांस दिसणारें नसतें. बाहेरच्या अंगास घडीव दगडाचा सुबक थर असतो. खांबाच्या पोटांत ओबडधोबड दगड व चुना यांचा भरणा असतो. बाहेरचा थर कोणासही पाहतां येतो. पोटांतील भरणा नीट घातला कीं नाहीं, चुना पुरता मळला होता कीं मातीमिश्रित होता, दगडांच्या मधील पोकळी भरली कीं तशीच झांकली, हें एकदां भिंत वर गेल्यावर बांधणाऱ्यावांचून कोणासच ठाऊक नसतें.

यांत आणखी एका गोष्टीची भर पडते. देवळांत जाणारा मनुष्य देऊळ पाहतो, वाड्यांत राहणारा वाडा पाहतो. परंतु गाडींत बसून पुलावरून जाणारास पूल दिसत नाहीं. त्यास खालचें पाणी दिसतें, पलीकडचे डोंगर दिसतात, आणि रुळांचा आवाज थोडा बदलला एवढेंच कळतें. ज्या वेळीं आपला जीव सर्वस्वीं पुलाच्या हातीं असतो, नेमक्या त्याच वेळीं पूल आपल्या दृष्टीआड असतो. म्हणजे एका बाजूस कोणी पाहत नसतां काम करणारा गवंडी, आणि दुसऱ्या बाजूस न पाहतां विश्वास टाकणारा प्रवासी. या दोघांची गांठ कधींच पडत नाहीं. कित्येकदां त्यांच्यांत शंभर दीडशें वर्षांचें अंतर असतें. तरीही त्यांच्यामध्यें एक करार झालेला असतो, आणि त्या कराराचा साक्षी एक दगडच असतो.

हा करार पाळला न गेल्यास काय होतें, याचें उदाहरण बोरघाटानें घालून दिलें आहे. घाटाचें काम १८५६ सालीं सुरू झालें व १८६३ सालीं गाडी वर चढली. पंचवीस बोगदे, खोल दऱ्यांवरील आठ कमानदार पूल, आणि एका वेळीं चाळीस हजारांहून अधिक मजूर, असा त्या कामाचा पसारा होता. पहिले मक्तेदार फॅव्हियेल यांच्या काळांत, १८५९ च्या जानेवारींत, मजुरी थकल्यामुळें मजुरांनीं दंगा केला, आणि त्याच वर्षीं फॅव्हियेल यांनीं काम सोडलें. त्यांच्या जागीं आलेले सॉलोमन ट्रेडवेल येथें पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत आजारानें वारले. मक्ता त्यांच्या पत्नी ॲलिस यांनीं पुढें चालविला, आणि ॲडमसन व क्लाउझर या इंजिनियरांच्या हातून काम तडीस नेलें. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले हे घाट खुला झालेला पाहण्यापूर्वींच १८६२ सालीं मरण पावले. पटकी आणि हिवताप यांनीं किती मजूर गेले याची मोजदाद नांवानिशीं कोणी ठेविली नाहीं. साहेबांचीं नांवें इतिहासांत राहिलीं, आणि ज्यांनीं दोरीला लोंबकळून कड्यांत सुरुंगाचीं भोकें पाडलीं ते नुसते ‘मजूर’ म्हणून राहिले.

एवढ्या कष्टांनीं उभ्या राहिलेल्या या मार्गावरील एक मोठा कमानींचा पूल, इंग्रजी कागदांत ज्याचें नांव ‘मौ-के-मल्ली’ असें येतें, तो १८६७ च्या पावसाळ्यांत कोसळला. बांधून त्यास पुरतीं दहा वर्षेंही लोटलीं नव्हतीं. त्यानंतर कंपनीच्या इतर पुलांचा तपास झाला, तेव्हां अनेक ठिकाणीं बांधकाम निकृष्ट असल्याचें आढळून आलें, आणि कित्येक पूल नव्यानें बांधावे लागले. यामागें घाई होती, देखरेखीचा अभाव होता, आणि भांडवलावर शेंकडा पांच टक्के व्याजाची हमी सरकारनें आधींच दिलेली असल्यामुळें काटकसर व दक्षता यांची निकड कंपनीस फारशी भासत नव्हती, असेंही त्या पद्धतीचे टीकाकार म्हणत आले आहेत. कारणांची वांटणी कशीही करा; मुद्दा असा कीं जो पूल बाहेरून इतरांसारखाच देखणा होता, त्याच्या पोटांत लबाडी होती, आणि ती पावसानें उघडी केली. वरिष्ठांचे डोळे चुकवितां येतात. पाण्याचे चुकवितां येत नाहींत.

हें ध्यानांत ठेवून आतां आपण मूळ प्रश्नाकडे वळूं. जुन्या पुलांविषयीं लोकांत दोन पक्ष दिसतात. पहिला पक्ष श्रद्धाळूंचा. त्यांचें म्हणणें असें कीं, पूर्वीं कामें प्रामाणिक होत असत. जुना दगडी पूल म्हणजे त्या प्रामाणिकपणाची खूण. त्यास हात लावूं नये. या म्हणण्यांतील आदर आम्हांस मान्य आहे, पण त्यांतील तर्क मान्य नाहीं. ‘पूर्वींचीं कामें पक्कीं’ असें आपणांस वाटतें याचें एक कारण असें कीं, पूर्वींचीं कच्चीं कामें पडून गेलीं व विसरलीं गेलीं, आणि जीं पक्कीं होतीं तेवढींच आपल्या डोळ्यांपुढें राहिलीं. बोरघाटांतील तो पडलेला पूलही ‘पूर्वींचा’च होता. शिवाय, ‘इतकीं वर्षें उभा आहे, म्हणजे पुढेंही उभा राहील’ हें अनुमान वरवर जितकें सबळ दिसतें तितकेंच तें धोक्याचें आहे. जितकीं वर्षें पूल उभा राहिला तितक्या पावसाळ्यांनीं त्याच्या दर्जांतला चुना धुतला आणि तितक्या पुरांनीं त्याच्या पायाखालची वाळू उकरली, असाही त्याचा अर्थ होतो. म्हातारपण हें आरोग्याचें प्रमाणपत्र नव्हे.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीच्या पुरांत मुंबई–गोवा रस्त्यावरील इंग्रजी अमदानींतला दगडी पूल वाहून गेला. तो आगगाडीचा नव्हता, पण जातीनें तोच होता. काळोखांत दोन एस. टी. गाड्या आणि कांहीं लहान गाड्या पाण्यांत गेल्या, व अनेक माणसें प्राणांस मुकलीं. त्या दोन गाड्यांपैकीं एक राजापूरहून बोरिवलीस निघाली होती. कोंकणांतील आपलें गांव आणि उपनगरांतील आपली खोली यांच्यामध्यें ज्यांचें आयुष्य वांटलेलें असतें, अशांची ती गाडी. त्यांनीं त्या रात्रीं पुलाचा विचार केला नसणार; प्रवाशानें तो करूं नये म्हणूनच तर पूल बांधावयाचा असतो. त्या दुर्घटनेनें एक गोष्ट कायमची शिकविली पाहिजे. जुन्या वस्तूवरील प्रेम जेव्हां तिची पारख करण्यास तयार नसतें, तेव्हां त्या प्रेमाची किंमत दुसऱ्याच कोणास तरी भरावी लागते. अशा प्रेमास आम्ही जीर्णपूजा म्हणतों, आणि जीर्णोद्धाराहून ती निराळी मानतों.

दुसरा पक्ष व्यवहारज्ञांचा. त्यांचें म्हणणें, पूल हें साधन आहे; साधन झिजलें कीं टाकावें व नवें घ्यावें; दगडांविषयीं गहिंवर कशाला? या पक्षाच्या बाजूस वजनदार उदाहरणें आहेत. खंडाळ्याजवळचा, लोकांनीं ‘अमृतांजन पूल’ म्हणून ओळखलेला दगडी पूल १८३० सालचा, म्हणजे आगगाडीच्याही आधींचा. नव्या द्रुतगति-मार्गावर त्याचे खांब मध्येंच येत, रस्ता तेथें अरुंद होई, आणि अपघात होत. २०२० च्या एप्रिलमध्यें, टाळेबंदीमुळें रस्ता रिकामा असतांना, तो सुरुंग लावून पाडण्यांत आला. हळहळणारे पुष्कळ होते. तरीही माणसाचा जीव आणि दगडाची कमान यांपैकीं एकाचीच निवड करावयाची असेल, आणि दुसरा कोणताच मार्ग नसेल, तर कमानीनें वाट द्यावी, याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. पुलाचा जन्मच माणसांस सुखरूप पोंचविण्यासाठीं. तोच आड येऊं लागला तर त्याचें जीवितकार्य संपलें.

परंतु ‘नवें तें निर्दोष’ हा या पक्षाचा गर्भित सिद्धांतही टिकत नाहीं. अंधेरीचा गोखले पूल १९७० नंतरचा, म्हणजे जुन्या दगडी पुलांच्या मानानें तरुणच. ३ जुलै २०१८ रोजीं सकाळीं त्याच्या पायवाटेचा भाग रुळांवर कोसळला. पुढें तो पूल पाडून नवा बांधावयास घेतला. त्याची पहिली बाजू २०२४ सालीं खुली झाली, तेव्हां ती शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशीं जुळेना. दोहोंच्या पातळींत पुरुषभर अंतर राहिलें होतें, आणि तें भरून काढण्यास आणखी महिने खर्चीं पडले. त्या अंतराची थट्टा पुष्कळ झाली, पण आम्हांस त्यांत थट्टेपेक्षां बोध अधिक दिसतो. दोन पुलांच्या बांधणाऱ्यांनीं एकमेकांकडे पाहिलें नाहीं कीं असें होतें. दोष वयाचा नसतो. तो न पाहण्याचा असतो. जुना पूल न पाहिल्यानें पडतो, आणि नवा पूल न पाहिल्यानें जुळत नाहीं.

मग खरा जीर्णोद्धार कोणता? येथें एक सूक्ष्म शंका उपस्थित होते. पुलाचे झिजलेले दगड एकेक करून बदलले, चुना नवा भरला, पाया नव्यानें बांधून काढला, तर जुना पूल राहिला कोठें? ग्रीक लोक थीसियसच्या गलबताची अशीच गोष्ट सांगत. अथेन्सच्या लोकांनीं तें गलबत जपून ठेवलें व कुजलेली प्रत्येक फळी बदलीत गेले, आणि तें तेंच गलबत कीं दुसरें याविषयीं तत्त्वज्ञांत वाद माजला. आपल्या शास्त्रांनीं हा प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला आहे. मूर्ति भंगली किंवा जीर्ण झाली म्हणजे जीर्णोद्धाराच्या विधींत तिच्यांतील देवत्व आवाहन करून कलशांत घेतात, नव्या मूर्तीची स्थापना झाल्यावर तें तिच्यांत उतरवितात, आणि जुना पाषाण आदरानें पाण्यांत सोडतात. या विधीवर कोणाची श्रद्धा असो वा नसो, त्यांतील विचार मोलाचा आहे. वस्तूचें सत्त्व तिच्या द्रव्यांत नसून तिच्या कार्यांत व तिच्याशीं जडलेल्या भावांत असतें, पण तें सत्त्व नव्या द्रव्यांत आपोआप उतरत नाहीं. तें जाणूनबुजून, विधिपूर्वक उतरवावें लागतें. पुलाचें सत्त्व म्हणजे वर सांगितलेला करार. तो ज्या दुरुस्तींत पाळला जातो ती दुरुस्ती निम्मे दगड बदलूनही पुलास जिवंत ठेवते, आणि ज्या दुरुस्तींत तो मोडतो ती एकही दगड न बदलतां पुलाचा घात करते.

हें केवळ शब्दांचें नाहीं, कामाच्या रीतींतही दिसून येतें. जुन्या बांधकामांत दर्जा चुन्याच्या असतात. चुना दगडापेक्षां मऊ असल्यामुळें गाडीच्या हादऱ्यानें भिंत किंचित् हलली तर तो सांभाळून घेतो, आणि आंत शिरलेला ओलावा त्याच्या वाटेनें बाहेर निघून जातो. अशा भिंतीच्या दर्जा वरून सिमेंटानें लिंपल्या तर ती चार दिवस अगदीं नवी दिसते. परंतु पाणी आंत कोंडतें, पोटांतला चुना विरघळत जातो, आणि घडीव दगडांचा बाहेरचा थर आंतल्या भरण्यापासून सुटूं लागतो. पुलाचें आयुष्य कमी करून त्याचें रूप वाढविण्याचा हा उद्योग होय, आणि तो जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं पुष्कळ ठिकाणीं चालतो. खरी दुरुस्ती यापेक्षां कितीतरी कमी दिखाऊ असते. पिंपळवडाचीं रोपें मुळासकट काढावीं, पाणी निघून जाण्याच्या तुंबलेल्या वाटा मोकळ्या कराव्या, पोकळ झालेला भरणा हुडकून भरावा, पुरानें उघडा पडलेला पाया पाण्यांत उतरून पाहावा, दर्जा खरवडून पुन्हां चुन्यानेंच भराव्या, आणि फुटलेल्या दगडाच्या जागीं त्याच जातीचा दगड बसवून त्याची नोंद ठेवावी. काम पुरें झाल्यावर प्रवाशास कांहींच बदललेलें दिसत नाहीं. मूळ गवंड्याचें कामही त्याला कोठें दिसत होतें?

इंग्लंडांतील दोन उदाहरणें या ठिकाणीं उपयोगी पडतील. डरहॅम परगण्यांतील कॉसी येथली कमान १७२५–२६ सालची, वाफेच्या इंजिनापूर्वींची. लाकडी रुळांवरून घोडे कोळशाच्या गाड्या ओढीत, त्यांसाठीं ती बांधली होती. शंभर फुटांहून रुंद अशी ती एकच कमान. तिचा बांधणारा राल्फ वुड यानें, ती पडेल या धास्तीनें, तिच्यावरूनच उडी टाकून जीव दिला अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा खोटी, आपल्या कामाच्या पोटांत काय आहे याची चिंता बांधणाऱ्याच्या जिवाला कशी लागते, हें तिच्यांत सांगितलें आहे. ती कमान पडली नाहीं. तिच्यावरील गाड्या केव्हांच बंद झाल्या, आणि विसाव्या शतकांत दुरुस्ती करून ती पायीं जाणारांसाठीं राखण्यांत आली. उलट डार्लिंग्टन येथील स्कर्न नदीवरचा १८२५ सालचा दगडी पूल आजही आगगाड्यांचा भार वाहतो. एक पूल निवृत्त, एक पूल कामावर. दोन्ही सन्मानानें जगत आहेत, कारण कोणता पूल कोणत्या अवस्थेंत आहे याविषयीं लोकांस भ्रम नाहीं. निवृत्त करणें हा अपमान नव्हे. अपमान तिसऱ्या अवस्थेंत आहे, जेथें पूल पारख न होतां राबविला जातो, आणि पडल्यावर त्याच्या वयास बोल लावला जातो.

कोणी म्हणेल, हें सर्व ठीक. परंतु गरीब देशांत जुन्या दगडांवर पैसा घालण्यापेक्षां तो दवाखान्यांवर कां घालूं नये? हा आक्षेप प्रामाणिक आहे व त्यास उत्तर दिलें पाहिजे. जो पूल कामांत आहे त्याची पारख व दुरुस्ती ही चैन नव्हे. ती केली नाहीं तर दवाखान्यांत येणारांची संख्याच वाढते. जो पूल कामांतून गेला आहे त्यावर किती खर्च करावा हा मात्र तारतम्याचा प्रश्न आहे, आणि प्रत्येक जुनी कमान राखलीच पाहिजे असा आमचा आग्रह नाहीं. जी पाडणें भाग आहे ती पाडावी. पण माणसास निरोप देतांना आपण जसें त्याचें नांव घेतों, तसें पाडण्यापूर्वीं तिचीं मापें घ्यावीं, नकाशे करावे, तिच्या पोटांत काय निघालें तें लिहून ठेवावें, आणि तिचे दगड भरावांत लोटण्यापूर्वीं कांहीं तरी जपावे. यास खर्च थोडा लागतो. लागते ती आस्था.

शेवटीं ऋणाविषयीं. ज्यांनीं हे पूल बांधले त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत, आणि आतां तीं कळण्याचा संभवही नाहीं. त्यांच्या स्मरणार्थ शिळा बसवाव्या, असें सुचविणारे सज्जन आहेत. शिळा बसवावी, आमची ना नाहीं. २००४ सालीं बोरीबंदरच्या भव्य स्थानकास जागतिक वारशाचा मान मिळाला, याचाही आम्हांस आनंदच आहे. परंतु पितरांचें ऋण नुसत्या स्मरणानें फिटत नाहीं. त्यांचें कार्य पुढें चालवूनच फिटतें, असें आपलें जुनें शिक्षण आहे. बोरघाटांत भर पावसांत कंदील घेऊन रुळांवरून फिरणारा गस्तवाला, पुलाखालीं उतरून दगडावर हातोडी मारून आवाज ऐकणारा कारागीर, पायाचा अहवाल खरा लिहिणारा कनिष्ठ इंजिनियर, हे त्या अनामिक पाथरवटांचे खरे वारस होत. त्यांची मजुरी वेळेवर मिळते कीं नाहीं, त्यांनीं दिलेली धोक्याची सूचना वरपर्यंत पोंचते कीं वाटेंतच फायलींत पुरली जाते, हें पाहणें म्हणजेच जीर्णोद्धार. १८५९ सालीं ज्यांची मजुरी थकली होती त्यांच्या हातच्या पुलाची दुरुस्ती आज मजुरी थकवून केली, तर दगड जपले जातील आणि अन्यायही त्यांच्याबरोबर जपला जाईल.

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथून रोज लक्षावधि माणसें गाडींत उभीं राहून शहरांत जातात व रात्रीं परततात. वाटेंत किती मोऱ्या आणि किती पूल लागले हें त्यांतील एकासही सांगतां येणार नाहीं, आणि तें त्यांना ठाऊक असावें अशी अपेक्षाही नाहीं. त्यांनीं डोळे मिटून बसावें, डुलकी घ्यावी, भजन म्हणावें, हा त्यांचा हक्क आहे. त्यांच्या वतीनें कोणी तरी डोळे उघडे ठेवून पुलाखालीं उभें असलें पाहिजे, एवढीच समाजाकडे आमची मागणी आहे.